पगार घेतला म्हणून फोटो त्यांचा झाला का?

पत्र: ताई, मी माशेलचा. पणजीच्या एका मराठी दैनिकात नऊ वर्षं स्टाफ फोटोग्राफर होतो, २०२३ मध्ये सोडलं, आता फ्रीलान्स करतो, दोन-चार पेपरांना फोटो देतो, लग्नंही घेतो. २०१९ च्या चिखलकाल्याचा, म्हणजे आमच्या गावच्या चिखलात खेळायच्या उत्सवाचा, माझा एक फोटो तेव्हा पहिल्या पानावर आला होता. गेल्या महिन्यात तोच फोटो एका मोठ्या हॉटेलच्या होर्डिंगवर दिसला, कॅलेंडरवर पण दिसला, माझं नाव कुठेच नाही. हॉटेलवाले म्हणतात आम्ही पेपरकडून पैसे देऊन घेतला. पेपरवाले म्हणतात तू पगारावर होतास, कॅमेरा आमचा, फोटो आमचा. फोंड्याला राजीव गांधी कला मंदिरात जुन्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं मनात आहे तर म्हणतात त्यालाही आमची परमिशन लागेल. वर एक न्यूज पेज माझे फेसबुकवरचे फोटो खालचं नाव कापून सर्रास वापरतं. यातलं माझं नेमकं काय आहे?

उत्तर:

भाऊ, तुमचं पत्र वाचून मला खरंच राग आला, तुमच्यावर नाही, त्या "पगारावर होतास" वर. हे वाक्य मी पणजीत डेस्कवर होते तेव्हापासून ऐकतेय आणि बिचारे फोटोग्राफर ते ऐकून गप्प बसतात, कारण वाटतं की खरंच असेल. नोकरीत केलेलं काम मालकाचं, हे सगळीकडे चालतं तसं इथेही असणार, असं धरून चालतात. पण पेपरच्या बाबतीत आपला कायदा तसं म्हणत नाही, आणि हे पेपरच्या ऑफिसात बसणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसतं, उरलेले सांगत नाहीत.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यात कलम १७ मध्ये पहिला मालक कोण हे सांगितलंय. सुरुवात अशी की ज्याने फोटो काढला तो कर्ता, आणि कर्ता हाच पहिला मालक. मग अपवाद येतात. त्यातला पहिलाच अपवाद तुमच्यासारख्यांसाठी आहे, उपकलम (अ), वर्तमानपत्र किंवा मासिकात नोकरीवर असताना छापण्यासाठी म्हणून केलेलं काम. तिथे पेपरचा मालक पहिला मालक होतो, पण कशापुरता, तर ते काम कुठल्याही वर्तमानपत्रात, मासिकात किंवा तशा नियतकालिकात छापण्यापुरता, आणि त्यासाठी लागणाऱ्या प्रती काढण्यापुरता. बाकी सगळ्या बाबतीत मालक कर्ताच, म्हणजे तुम्ही. ही माझी इच्छा नाही हं, कलमातच असं लिहिलंय. काजूची बाग कोणी एका हंगामासाठी पावणीत, म्हणजे लिलावात, घेतली म्हणून डोंगर त्याचा होत नाही, तसंच हे.

आता याचा अर्थ नीट लावा, कारण इथेच लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. "कुठल्याही वर्तमानपत्रात" असं म्हटलंय, म्हणजे तुमच्या पेपरने तो फोटो पुण्याच्या एखाद्या मासिकाला छापायला दिला, स्वतःच्या दिवाळी अंकात परत वापरला, तर तिथे तुम्हाला फारसं बोलता येणार नाही. पेपरच्या वेबसाइटवर आहे म्हणून भांडू नका, वेबसाइट "तशा नियतकालिकात" मोडते का यावर दोन्ही बाजूंचे वकील तासभर बोलू शकतात आणि त्यातून तुमच्या हातात काही पडणार नाही. पण हॉटेलचं होर्डिंग हे वर्तमानपत्र नाही, कॅलेंडर नाही, रिसेप्शनमागच्या भिंतीवर लावलेली मोठी प्रिंटही नाही. ते हक्क पेपरकडे मुळात नव्हतेच, मग विकले कसे? जे आपलं नाही ते विकता येत नाही, आणि विकत घेणाऱ्यालाही त्यातून हक्क मिळत नाही, त्याने कितीही प्रामाणिकपणे पैसे दिलेले असोत. हॉटेलने तोच फोटो पेपरातल्या जाहिरातीत वापरला असेल तर त्यावर मात्र वाद होऊ शकतो, म्हणून तुम्ही होर्डिंग आणि कॅलेंडर एवढंच पकडा.

पण एक गोष्ट आधी, आणि यावर सगळं अवलंबून आहे. त्या कलमात "याविरुद्ध करार नसेल तर" असे शब्द आहेत. तेव्हा घरातलं कपाट उघडा आणि जॉइनिंगच्या वेळी सही केलेलं अपॉइंटमेंट लेटर शोधा. नंतर कधी पगारवाढीबरोबर, कधी मॅनेजमेंट बदलल्यावर, एचआरने कसलं पत्र सही करून घेतलं असेल तर तेही. त्यात "नोकरीत तयार केलेल्या सर्व साहित्याचे सर्व हक्क कंपनीचे" अशी ओळ असेल आणि खाली तुमची सही असेल तर चित्र बदलतं, मी खोटी आशा दाखवणार नाही. तरी तेवढ्यावर हातपाय गाळू नका. हक्क दुसऱ्याला देण्याचे नियम कलम १९ मध्ये आहेत, ते लेखी पाहिजे, देणाऱ्याची सही पाहिजे, कुठलं काम, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी, हे त्यात पाहिजे. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. २०१९ चा फोटो म्हणजे ५ वर्षं होऊन गेली. त्यांचा वकील म्हणेल की हे कलम १९ चं प्रकरणच नाही, नोकरीचाच करार आहे, त्यामुळे तो कागद एखाद्या वकिलाला दाखवल्याशिवाय पत्रव्यवहार सुरू करू नका. आणि गोव्यात जुन्या नेमणुका कशा झाल्यात ते मला माहितीये, अर्ध्या तर तोंडी, "उद्यापासून ये" म्हणून. लेटरच नसेल, किंवा त्यात हक्कांबद्दल अवाक्षर नसेल, तर कलमात आहे तेच लागू, आणि ते तुमच्या बाजूचं आहे. पगाराच्या स्लिपा, पीएफचे कागद, ओळखपत्र जपून ठेवा, नोकरीत होतो हे दाखवायला तेच लागतात.

कॅमेरा आमचा या मुद्द्याला काही अर्थ नाही. कायदा फोटोचा कर्ता म्हणून फोटो काढणाऱ्या माणसाला ओळखतो, कॅमेऱ्याच्या बिलावर कोणाचं नाव आहे ते विचारत नाही. मात्र ऑफिसच्या हार्ड डिस्कवर पडलेल्या तुमच्या ओरिजिनल फाइल्सची गोष्ट वेगळी, हार्ड डिस्क ही वस्तू त्यांची आहे, तुमचा हक्क त्यातल्या चित्रावर आहे, आणि हक्क आहे म्हणून ते फाइल्स काढून हातात देतीलच असं नाही. चांगल्या शब्दात ईमेल करून मागा, तारीखवार यादी देऊन. जुने सहकारी अजून तिथे असतील तर माणुसकीने देतील बहुतेक, पण गुपचूप कोणाकडून पेनड्राइव्हवर कॉपी करून घेऊ नका, त्या बिचाऱ्याची नोकरी जाईल.

सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हौसेने, पेपरसाठी नाही असे काढलेले फोटो या सगळ्यातून बाहेर आहेत, ते पूर्ण तुमचेच. चिखलकालो तुमच्या गावचाच, तेव्हा विचारावंसं वाटतं की त्या दिवशी ड्युटी होती की तुम्ही तसेच गेला होतात? पहिल्या पानावर आला म्हणजे ड्युटी असणार असं मी धरून चाललेय, पण असाइनमेंट रजिस्टर किंवा त्या दिवसाचे मेसेज असतील तर बघा.

हॉटेलचं काय करायचं. आधी पुरावा, पत्र नंतर. होर्डिंगचे फोटो काढा, आजूबाजूची जागा ओळखू येईल असे लांबून आणि जवळून, पाऊस लागला की होर्डिंगं बदलतात. कॅलेंडरची एक प्रत मिळवा. मग पेपरला आणि हॉटेलला वेगवेगळी पत्रं, रजिस्टर्ड पोस्टाने, एका पानात: हा फोटो माझा, अमुक तारखेला काढला, वृत्तपत्राबाहेरच्या वापराचा हक्क माझ्याकडे आहे, तुम्ही कोणत्या कागदाच्या आधारे वापरला त्याची प्रत द्या, वापर थांबवा किंवा लायसन्स फी ठरवा. हॉटेलवर ओरडू नका. त्यांनी कुठेतरी पैसे भरलेत, बहुतेक वेळा ते पेपरवरच उलटतील आणि तुमचं अर्धं काम तेच करतील. धमकी तर अजिबात लिहू नका, आधार नसताना केस करीन केस करीन म्हणून धमकावलं तर समोरचाच कलम ६० खाली कोर्टात जाऊ शकतो, म्हणूनच अपॉइंटमेंट लेटर आधी बघा म्हटलं. प्रकरण कोर्टात गेलंच तर तुम्ही राहता त्या भागातल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, कलम ६२ ने ही सोय मुद्दाम दिलीय, हॉटेलचं हेड ऑफिस मुंबईत असलं तरी तुम्हाला मुंबईला खेटे घालायची गरज नाही. वापर झाला तिथून साधारण ३ वर्षांच्या आत. पण मी सांगते, आधी मध्यस्थीने सुटतं का बघा, जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा, उत्पन्न मर्यादेत बसत असाल तर वकीलही मोफत मिळतो.

आणि यात अजून एक बाजू आहे जी तुमच्या पत्रात नाही. त्या फोटोत पोरं आहेत ना, अंगाला तेल, वर चिखल, हसणारी? देवकीकृष्णाच्या देवळासमोर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी खेळणारी तुमच्याच गावची पोरं. बातमीत त्यांचा चेहरा येणं ठीक आहे, सार्वजनिक उत्सव आहे. पण हॉटेलच्या रूम विकायला तो चेहरा वापरायचा तर त्या माणसाची परवानगी पाहिजे, लहान मूल असेल तर आईवडिलांची, आणि ती परवानगी फोटोच्या कॉपीराइटमध्ये आपोआप येत नाही, तुमच्याकडेही नाही. उद्या हॉटेलने तुम्हाला बोलावून "बरं, तुम्हीच लायसन्स द्या" म्हटलं तर चेहरे ओळखू येणाऱ्या पोरांच्या घरी आधी जा. चिखलात चेहरे झाकले गेले असतील तरी विचारा. मला हे कायद्यापेक्षाही महत्त्वाचं वाटतं, कारण तुम्हाला पुढच्या वर्षी परत त्याच मैदानात कॅमेरा घेऊन उभं राहायचंय.

आता नाव. समजा, तुमच्या लेटरमध्ये सगळे हक्क दिलेले निघाले, सगळंच गेलं. तरीसुद्धा कलम ५७ उरतं. हा फोटो मी काढला असं सांगण्याचा अधिकार, आणि त्याची कोणी मोडतोड करून तुमच्या प्रतिष्ठेला धक्का लावला तर रोखण्याचा अधिकार, हे कॉपीराइट विकल्यावरही कर्त्याकडेच राहतात. याची आपल्याकडची मोठी केस शिल्पकार अमरनाथ सहगल यांची. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने काढलं, त्यात त्याची वाट लागली, शिल्प तर सरकारच्या मालकीचं होतं, तरी २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सहगल यांच्या बाजूने निकाल दिला, शिल्प परत द्यायला लावलं आणि ५ लाख भरपाई दिली. तिथे शिल्प होतं, पण कलम तेच. आणि नावाचं मोल काय असतं ते होमाई व्यारावाला यांच्याकडे बघा, देशातल्या पहिल्या महिला फोटोपत्रकार, सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाला त्या बाईंना. आपल्या तालुक्यातालुक्यात फोटो काढणारे किती जण आहेत ज्यांच्या फोटोखाली नुसतं "छायाचित्र: प्रतिनिधी" असतं. तुम्ही पत्रात हॉटेलकडे पैसे मागाल तेव्हा नावही मागा, वेगळा मुद्दा म्हणून.

प्रदर्शनाचं उत्तर एका ओळीत: लेटरमध्ये उलटं काही नसेल तर लावा, परमिशन नको. भिंतीवर प्रिंट लावणं म्हणजे वर्तमानपत्रात छापणं नव्हे, तो हक्क तुमचा. पेपरचं पान जसंच्या तसं, मास्टहेड (वरची पेपरच्या नावाची पट्टी) आणि मांडणीसकट लावायचं असेल तर विचारा, कारण पान त्यांचं आहे. फोटोखाली "प्रथम प्रसिद्धी" म्हणून पेपरचं नाव आणि तारीख लिहा, बंधन नाही, पण नऊ वर्षं तिथे काढलीत, शोभून दिसेल. प्रिंट विकणार असाल तर वर लिहिलेलं चेहऱ्यांचं तेवढं लक्षात ठेवा.

ते न्यूज पेज. "फेसबुकवर होता म्हणून घेतला" हे उत्तर कुठेच चालत नाही. तुम्ही फोटो टाकता तेव्हा फेसबुकच्या अटींनुसार फेसबुक कंपनीला लायसन्स मिळतं, पेज चालवणाऱ्या कोणालाही नाही. २०१० च्या हैतीच्या भूकंपात डॅनियल मोरेल नावाच्या फोटोग्राफरने आपले फोटो ट्विटरवर टाकले, एका मोठ्या वृत्तसंस्थेने ते दुसऱ्याच माणसाच्या नावाने उचलून जगभर वाटले, आणि कोर्टात म्हणाले की ट्विटरवर टाकले म्हणजे सगळ्यांना मोकळे. कोर्टाने ते मानलं नाही, २०१३ मध्ये ज्युरीने १२ लाख डॉलरच्या वर भरपाई दिली. ते अमेरिकेत, तिथला कायदा वेगळा, इथे एवढे पैसे कोणी देणार नाही, पण "सोशल मीडियावर होता" या सबबीचं काय होतं ते कळतं. आपल्याकडे चालू घडामोडींच्या बातमीसाठी वाजवी वापराची सूट आहे, कलम ५२, पण ती वाजवी वापराला आहे, अख्खा फोटो उचलून नाव कापायला नाही. उलट नाव, वॉटरमार्क अशी हक्काची माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हा कलम ६५ब खाली वेगळा गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत शिक्षा. आधी त्या पेजला मेसेज करा, ओरिजिनल आणि कापलेला शेजारी शेजारी ठेवून, दोन दिवस द्या, नाही ऐकलं तर फेसबुकच्या कॉपीराइट फॉर्मवर तक्रार टाका, वारंवार तक्रारी आल्या की पेजच अडचणीत येतं हे त्यांनाही माहिती असतं. आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये कॉपीराइटच्या रकान्यात नाव घाला, म्हणजे प्रत्येक फाइलमध्ये ते आपोआप जाईल. व्हॉट्सअॅपवर फोटो नुसता पाठवला तर ती माहिती पुसली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

रजिस्ट्रेशन केलं नाही म्हणून हक्क नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. हक्क फोटो काढल्याक्षणी मिळतो, तुमच्या हयातीभर आणि त्यानंतर ६० वर्षं, मुलाबाळांनाही. २०१२ पूर्वी फोटोंना प्रसिद्धीपासून फक्त ६० वर्षं होती, ते बदललं. रजिस्टर केलं तर कोर्टात पुरावा म्हणून बरं पडतं, एका फोटोला ५०० रुपये फी आहे, सगळे कशाला, चिखलकाल्याचा तो एक करून टाका.

शेवटी जे तुम्ही विचारलंच नाहीत पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. आता तुम्ही फ्रीलान्स आहात, म्हणजे मोकळे, असं तुम्हाला वाटतंय. त्याच कलम १७ चा पुढचा भाग असा आहे की कोणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन फोटो काढला, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो सांगणारा. म्हणजे बघा, पगारावर होतात तेव्हा वृत्तपत्राबाहेरचे हक्क तुमच्याकडे होते, आणि आज संपादकाने फोन करून "डिचोलीला जा, मोर्चा आहे, ५०० देतो" म्हटलं आणि तुम्ही नुसतं बरं म्हणून गेलात तर तो फोटो अख्खाच त्यांचा होऊ शकतो. तुम्ही आपणहून गेलात, आपणहून काढला आणि मग पेपरला दिला, तर मालक तुम्ही, त्यांना फक्त छापायची परवानगी. फरक फक्त कोण आधी बोललं याचा, आणि त्यात पुढची कित्येक वर्षं अडकतात. न्यूज पोर्टल किंवा केबल चॅनलवर पगाराने असलेल्या मित्रांनाही सांगा, पेपरवाली सवलत त्यांना मिळेलच असं नाही, तिथे करार नसेल तर नोकरीतलं काम मालकाचं असाच नियम लागतो. सरकारी खात्याने बोलावून काम दिलं तर पहिला मालक सरकार.

यावर उपाय सोपा आहे, करार छापून घ्यायची गरज नाही. संपादकाचा फोन आला की निघण्याआधी व्हॉट्सअॅपवर एक मेसेज टाका: "डिचोली मोर्चा, ५०० रुपये, तुमच्या पेपरमध्ये एकदा छापण्यासाठी, नावासह, बाकी सर्व हक्क माझ्याकडे. चालेल ना?" त्यांचं "ओके" आलं की स्क्रीनशॉट ठेवा. पहिल्यांदा विचित्र वाटेल, एखादा संपादक चिडेलही, एखादं काम जाईलही, हे मी लपवत नाही. पण दोन-तीन महिन्यांत सवय होते त्यांनाही. लग्नांचंही तसंच, तिथे फोटोंचे मालक सहसा वधूवरांकडचे लोक असतात, तेव्हा तुमच्या पेजवर टाकायचे असतील तर बुकिंगच्या पावतीवरच तशी ओळ घालून सही घ्या, आणि नंतर नवरीने एखादा काढा म्हटलं तर काढा.